मणेर सरांच्या अकरा चुका

मणेर सर दुसऱ्याचं लिहिलेलं कधी खोडत नसत. आमच्या साताऱ्याच्या शाळेत त्यांनी आयुष्यभर भूगोल शिकवला, पण एकाही पोराच्या वहीत त्यांच्या हातची काट दिसायची नाही. पोरानं कृष्णा नदी नेऊन अरबी समुद्रात सोडली, तरी सर हिरव्या शाईनं खाली एक बारीक रेघ ओढायचे आणि त्याला टेबलापाशी बोलवायचे. "जरा बघ बरं. पटतंय का तुला?" पोरगं डोकं खाजवायचं, नकाशाकडं बघायचं आणि मग स्वतःच खोडायचं. "ज्याचं त्यानं खोडलं की डोक्यात राहतं," असं सरांचं म्हणणं. हेडमास्तर मात्र कपाळावर हात मारायचे, कारण सरांचे पेपर कधी वेळेवर तपासून व्हायचे नाहीत.

मी त्याच शाळेत कॉम्प्युटरची बाई. सर नोकरीत असताना आमचं बोलणं नमस्कारापुरतं होतं. खरी ओळख झाली ती ते रिटायर झाल्यावर. एका सोमवारी लॅबच्या दारात येऊन उभे राहिले. पांढरा सदरा, खिशाला हिरवं पेन, खांद्याला कापडी पिशवी.

"बाई, एक विचारू का? राग नाही ना येणार?"

माझा राग शाळेत प्रसिद्ध होता. "विचारा," म्हटलं.

"विकी म्हणजे काय असतं?"

मी सांगितलं. अशी वेबसाइट, की जो वाचतो त्यालाच तिच्यात लिहिता येतं. एकानं लिहायचं, दुसऱ्यानं भर घालायची, तिसऱ्यानं चूक दुरुस्त करायची. सर ऐकत राहिले आणि त्यांचा चेहरा असा उजळला, की मला वाटलं, ह्यांना कुणीतरी हरवलेली वस्तू आणून दिली.

त्यांना पाहिजे होती माण-खटावातल्या रानांची, विहिरींची, ओढ्यांची नावं. सर मूळचे वडूजकडचे. वडील गावोगाव पायी हिंडून बांगड्या भरायचे आणि लहानगे सर त्यांच्यामागं ओझं घेऊन चालायचे. वाटेत लागेल त्या रानाचं नाव वडील सांगायचे. ही गाढवखिंड, ही सासूची पट्टी, हे थोरलं ताल, ही भुत्याची विहीर. "आता सातबाऱ्यावर नुसता गट नंबर," सर म्हणाले. "नावं ज्यांना माहीत आहेत ती सगळी माणसं पंच्याहत्तरीच्या पुढची. ती गेली की नावं गेली, बाई. मग मागं काय राहणार? नंबर?"

मला वाटलं, रिटायर माणसाचं खूळ आहे, महिन्याभरात उतरेल. माझे असले अंदाज नेहमीच चुकतात.

दुसऱ्या दिवशी सर दोनशे पानी वही घेऊन आले. विकी चालवायची म्हणजे आधी तिचं सॉफ्टवेअर निवडायचं, आणि तशी सॉफ्टवेअरं ढिगानं आहेत, हे मी बोलून बसले होते. सरांनी वहीत उभे रकाने पाडले. मराठी नीट दिसते का. मोबाइलवरून लिहिता येतं का. नेट नसताना चालते का. कोणी काय बदललं त्याचा इतिहास राहतो का. आणि शेवटचा रकाना, मी तो वाचला आणि मला हसू आवरेना: बिघडली तर बाईंना दुरुस्त करता येईल का.

मीडियाविकी, डोकुविकी, टिडलीविकी ही नावं सरांच्या तोंडात बसेनात. मग त्यांनी घरातली नावं दिली. थोरली, मधली, धाकटी. थोरली म्हणजे जिच्यावर इंटरनेटवरचा तो मोठा ज्ञानकोश चालतो ती. तिचा पसारा मोठा, तिला डेटाबेस लागतो, देखभाल लागते, पण प्रत्येक पानाला चर्चेचं वेगळं पान आणि पहिल्या अक्षरापासूनचा सगळा इतिहास. मधली साधी. डेटाबेस नको, प्रत्येक पान म्हणजे एक साधी फाइल, पेनड्राइव्हवर उचलून न्यावी. धाकटी तर अख्खी एकाच फाइलीत, नेट नसलं तरी चालते, पण दोघांनी दोन ठिकाणी लिहिलं की मग खरं कुणाचं धरायचं हा प्रश्न. "धाकटी गुणाची आहे," सर म्हणायचे, "पण एकटीनंच राहणारी आहे. तिला माणसं सोसत नाहीत."

असं आठ महिने चाललं. सर रोज येणार, तिघींपैकी एकीत दहा पानं टाकणार, वहीत पेन्सिलीनं खुणा करणार, दुसऱ्या दिवशी खोडरबरानं पुसणार. मी वैतागले. "सर, स्थळं बघत असल्यासारखं किती दिवस बघणार? पसंत करा की एक!"

"बाई, एकदाच करायचंय हे. चुकायला नको."

त्यांच्या वहीच्या शेवटच्या पानावर म्हाताऱ्या माणसांची यादी होती, गाववार. कोणाला काय माहीत आहे, ते त्यांच्या नावापुढं लिहिलेलं. त्या आठ महिन्यांत त्यातल्या तिघांच्या नावापुढं सरांनी एक छोटा ठिपका काढला. ठिपका कशाचा, ते मी विचारलं नाही.

शेवटी थोरली ठरली. तिच्या इतिहासासाठी. तो 'इतिहास' नावाचा टॅब सरांना इतका आवडला होता, की आल्यागेल्याला दाखवायचे. "ह्यात काही पुसलं जात नाही बघा. वर कितीही खोडा, खालचं सगळं शिल्लक राहतं. माणसाचं असं असतं तर!" एका माजी विद्यार्थ्यानं त्याच्या सर्व्हरवर जागा दिली, आणि सरांनी एकट्यानं तीनशेवर पानं लिहून काढली. आता बाकीच्यांनी यायचं, चुका काढायच्या, भर घालायची.

म्हसवडला एका सुभेदारकाकांच्या अंगणात सरांनी माणसं जमवली. काका फौजेतून आलेले, रुबाबदार मिशी, माण तालुक्यातली वाट न् वाट तोंडपाठ. सरांनी प्रोजेक्टरनं भिंतीवर पान दाखवलं, बटण दाखवलं, "हे दाबायचं आणि माझं चुकलं असेल ते खोडून बरोबर लिहायचं," म्हणाले. सगळे काकांकडं बघायला लागले.

"आवं सर," काका म्हणाले, "तुमी लिवल्यालं आमी खोडायचं? लय वंगाळ दिसंल की ते."

"चूक असेल तर खोडायचंच, काका."

"चूक आसंल तर फोन करतू की. फोन हाय की आता समद्यांकडं."

सगळ्यांनी माना डोलावल्या. प्रश्न मिटला. चहा आला. सर हातात रिमोट घेऊन भिंतीसमोर तसेच उभे होते, मला अजून दिसतात.

आणि खरंच, फोन यायला लागले. "सर, तुमचं बरोबरच हाय, पर आमच्या हिकडं जरा येगळं म्हणत्यात, तेवडं बघा." सर बघायचे, हिरव्या शाईनं टिपून घ्यायचे आणि स्वतः जाऊन स्वतःचं खोडायचे. इतिहास उघडला की ओळीनं एकच नाव. मणेर. मणेर. मणेर.

सरांना वाटलं, दोष सॉफ्टवेअरचा. बटण लहान असेल. मी मोठं करून दिलं. रंग दिसत नसेल. हिरवा केला. 'संपादन' हा शब्द जड जात असेल. 'चूक दुरुस्त करा' असं केलं. पासवर्ड लक्षात राहत नसतील, म्हणून पासवर्डच काढून टाकायला लावला. मी म्हटलं, "सर, माणसं बटणाला भीत नाहीत, तुम्हाला मान देतायत."

"मान द्यायला मी काय गणपती आहे?" सर पहिल्यांदाच माझ्यावर खेकसले. "नावं चाललीत बाई, मान काय करायचाय!"

मग त्यांनी ते केलं, जे एखादा भूगोलाचा मास्तरच करू जाणे. अकरा पानांवर मुद्दाम चुका केल्या. ओढ्याच्या पूर्वेची विहीर पश्चिमेला, एकाचं रान दुसऱ्याच्या नावावर, एका खिंडीला भलतंच नाव. लहान पोराला फसवावं तसं. इतक्या ढळढळीत चुका दिसल्या की कुणाला तरी राहवणार नाही, हात शिवशिवेल, तो खोडेल, आणि एकदा एकानं खोडलं की बाकीच्यांची भीड चेपेल. प्रत्येक चुकीच्या वेळी 'बदलाचं कारण' ह्या चौकटीत त्यांनी खरं नाव लिहून ठेवलं. म्हणजे इतिहासात खरं, पानावर खोटं. मला हे त्यांनी हसत सांगितलं, पण कुठली अकरा पानं ते सांगेनात. "तुम्ही जाऊन दुरुस्त कराल. मी ओळखून आहे तुम्हाला." आणि म्हणाले, "पहिली चूक तर अशी केलीय, की ती विसरायला मला आधी माझं नाव विसरावं लागेल."

सहा महिने गेले. एकही फोन नाही. एकही दुरुस्ती नाही. सुभेदारकाकांच्या दारातला ओढाही त्या अकरांत होता, हे मला पुढं कळलं; तो उलट्या दिशेला गेलेला त्यांना दिसला असणारच. काका बोलले नाहीत. सरांनी लिहिलंय म्हटल्यावर त्यांनी ओढ्याला समजावलं असेल.

पासवर्ड काढल्याचा परिणाम मात्र झाला. जगभरातल्या चोरट्या जाहिरातवाल्यांना आमचं दार उघडं सापडलं. औषधं, जुगार, कसल्या कसल्या भाषा. रोज शेकडो पानं. साऱ्या दुनियेनं आमच्या विकीत लिहिलं, फक्त माण-खटावनं लिहिलं नाही. थोरलीचं ते ओझं त्या विद्यार्थ्याच्या सर्व्हरला पेलेना. त्यानं हात जोडले.

इथून पुढचं माझं पाप आहे. मी ते कुणावर ढकलणार नाही.

दिवाळीच्या सुट्टीत मी बसले आणि विकी थोरलीतून मधलीत हलवली. मधलीला कुलूप घालणं सोपं, जाहिरातवाल्यांचा त्रास नाही. सरांची वही उघडली. इतिहासाच्या रकान्यात थोरलीपुढं खूण, मधलीपुढं खूण. झालं. दोघीही इतिहास ठेवतात. पण थोरलीचा इतिहास मधलीच्या घरी जातो का, असा रकानाच आम्ही पाडला नव्हता. आठ महिने तुलना केली आणि तो एक प्रश्न आमच्या दोघांच्या डोक्यात आला नाही. तसा तो नेता आला असता, खटपट करावी लागली असती. मला सुट्टीत घरचा फराळ करायचा होता. मी प्रत्येक पानाचा वरचा मजकूर उचलला आणि इकडं चिकटवला. सरांना फोनवर विचारलं, "सर, जुनं आता बंद करायला सांगू?" ते म्हणाले, "तुम्ही बघितलंय ना? मग सांगा." सहा दिवसांनी तिकडचं सगळं पुसलं गेलं. त्या अकरा चुका माझ्या मनातही आल्या नाहीत. मला कोणी तेव्हा थोबाडीत मारायला हवी होती.

उन्हाळ्यात सरांना पक्षाघाताचा झटका आला. त्यांची मुलगी शबाना सांगलीला असते, ती त्यांना तिकडं घेऊन गेली. हातपाय दोन महिन्यांत पूर्ववत झाले, बोलणंही आलं, पण मधेमधे धागा तुटायचा. मी भेटायला गेले तर मला विचारलं, "बाई, तुमच्या लॅबचा पंखा दुरुस्त झाला का?" तो पंखा पाच वर्षांपूर्वीचा. शबाना आत चहा करायला गेल्यावर ते पुढं झुकले. "त्या अकरा चुका. आता काढून टाकू. सुभेदारकाका गेले, कळलं का? आता कोण खोडणार? मला सगळ्या नाही आठवत. इतिहास उघडा जरा."

मी लॅपटॉप उघडला. पहिल्या पानाचा इतिहास. एकच ओळ. तारीख दिवाळीची, नाव माझं. दुसरं पान. एकच ओळ. सर चष्मा पुसून परत बघायला लागले. मी त्यांना सांगितलं. काय केलं, कसं केलं, सगळं.

"म्हणजे खालचं काही नाही?"

"नाही, सर."

"बरं," ते म्हणाले. एवढंच. माझ्यावर ओरडले असते तर मी जगले असते. शबानानं चहा आणला, तो आम्ही दोघांनी प्यायला.

आठवून आठवून त्यांनी सात चुका काढल्या. त्या दुरुस्त झाल्या. चार राहिल्या. कुठल्या, ते कळेना. आणि चार कुठल्या ते कळत नाही म्हटल्यावर तीनशे पानांतलं कुठलंच पान धड राहिलं नाही. सर रोज एकेक पान उघडून तासन्‌तास बघायचे, हे खरं का हे, हे खरं का हे. गावोगाव फोन करायचे. तिकडून उत्तर यायचं, "थांबा हां सर, मोबाइलवर बघून सांगतो." आणि त्यांचंच पान त्यांना वाचून दाखवायचे. "तुमीच तर लिवलंय की सर! मंग बरोबरच आसणार."

गेल्या हिवाळ्यात शबानाचा फोन आला. अब्बा हट्ट धरून बसलेत, एक विहीर डोळ्यांनी बघायचीय, मी वडूजला घेऊन येते, तुम्ही साताऱ्याहून या. मी गेले. स्टँडवर भेटलो. शबानाला वडुजात एका नातेवाइकाकडं जायचं होतं, म्हणून सरांना मी रिक्षानं पुढं नेलं. गावाबाहेर, रस्त्याला लागून एक जुनी दगडी विहीर, कडेला जांभळाचं झाड. विहिरीवर नवीकोरी पत्र्याची पाटी: कुरणाची विहीर. गावातल्या पोरांनी आमच्या विकीवरून नावं घेऊन जागोजाग पाट्या लावल्या होत्या. सगळ्या साइटमधून खऱ्या मातीत उतरलेली तेवढीच गोष्ट.

शेजारच्या रानात एक म्हातारी घेवडा तोडत होती. सरांनी तिला हाक मारली. "आजी, ह्या विहिरीला काय म्हणतात?"

"पाटी हाय की. वाचा की."

"पाटीच्या आधी काय म्हणत होते?"

ती कमरेवर हात ठेवून उभी राहिली. "आदी व्हय? आदी आमी मणेराची हीर म्हणायचो. बांगड्या भराया एक मणेर यायचा, तो ह्या जांभळीखाली बसायचा. आमी समद्या पोरी हितं यायचो. माज्या लग्नाचा चुडा त्येनंच भरला. लय हळू हात हुता त्येचा, एक बांगडी फुटायची न्हाई." तिनं मनगट वर करून आम्हाला दाखवलं. "पर पोरं म्हणली, मोठ्या सरांनी लिवलंय कुरणाची. मोठ्या मान्सानं लिवलंय, तर आसंल तसंच. आपुन कशाला मधी बोला?"

हीच ती. पहिली चूक. आपलं नाव विसरल्याशिवाय विसरता येणार नाही अशी. मी सरांकडं बघितलं. वाटलं, आता ते हसतील, नाहीतर रडतील, काहीतरी करतील.

सरांनी मोबाइल काढला, पान उघडलं, डोळ्यांजवळ नेऊन सावकाश वाचलं. मग म्हातारीला समजावणीच्या सुरात म्हणाले, "नाही हो आजी. कुरणाची विहीरच आहे. हे बघा, लिहिलंय इथं."

"मंग आसंल," म्हातारी म्हणाली आणि वाकून घेवडा तोडायला लागली.

वडूज स्टँडवर शबाना सांगलीच्या गाडीची चौकशी करायला गेली. सर बाकावर शांत बसले होते. मी शेजारी बसून माझ्या मोबाइलवर ते पान उघडलं. हिरवं बटण दाबलं. 'कुरणाची' खोडलं, 'मणेराची' लिहिलं. बांगड्यांचं, जांभळीचं, म्हातारीच्या चुड्याचं सगळं लिहिलं. इतक्या वर्षांत त्या विकीत सरांचं लिहिलेलं दुसऱ्या माणसानं खोडलं ते तेव्हा पहिल्यांदा. मला वाटलं, निदान हे तरी मी त्यांना देऊ शकते. मी मोबाइल त्यांच्यापुढं धरला.

त्यांनी वाचलं. त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. "हे कोणी खोडलं?"

"मी, सर. ती आजी म्हणाली ना, ते..."

"मला विचारायचं तरी एकदा, बाई."

चिडले नव्हते. दुखावले होते. वर्गात एखाद्या पोरानं त्यांच्या खुर्चीवर बसून दाखवावं, तसे. त्यांनी स्वतःचा मोबाइल काढला. धागा तुटला होता, पण बोटं काही विसरली नव्हती. इतिहास उघडला, माझ्या आधीची ओळ निवडली, जुना मजकूर परत आणला. कारणाच्या चौकटीत, सवयीप्रमाणं, नीट लिहिलं: चुकीचा बदल काढला. मग मोबाइल सदऱ्याच्या खिशात, हिरव्या पेनाच्या शेजारी ठेवला आणि तो खिसा हातानं एकदा दाबून बघितला.

सांगलीची गाडी लागली. शबानानं त्यांना हाताला धरून चढवलं. खिडकीतून त्यांनी मला हात केला आणि ओरडून विचारलं, "लॅबचा पंखा झाला का हो?" मी झाला म्हणून सांगितलं. गाडी मायणीच्या रस्त्याला लागली. पुढच्याच महिन्यात शबानाचा फोन आला, अब्बा गेले.

त्या पानाच्या इतिहासात तीन ओळी आहेत. खाली माझी, मधे माझी, वर सरांची. साइटची किल्ली माझ्याकडंच आहे, बटण हिरवंच आहे, आणि ती आजी सोडली तर बरोबर काय ते मला आता एकटीला माहीत आहे. मी पान उघडते, बटणावर बोट ठेवते आणि बंद करते. सरांनी लिहिलंय. आपण कसं खोडायचं?